नवा गेम सारखा क्रॅश होतोय: दोष गेमचा की पीसीचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गेम आला त्याच दिवशी घेतला. दर वीस ते चाळीस मिनिटांनी तो कुठलाही मेसेज न देता बंद पडतो आणि समोर डेस्कटॉप दिसतो. दोन पॅच येऊन गेले, फरक नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाकला, गेम तीनदा पुन्हा इन्स्टॉल केला, शेवटी विंडोजसुद्धा नव्याने टाकलं. बाकीचे सगळे गेम तासन्‌तास चालतात. सपोर्टकडून दर वेळी तेच ठरावीक उत्तर येतं. आता पीसीच खराब आहे की काय अशी शंका येते, आणि खेळायची इच्छाच उरलेली नाही.

तुमचा वैताग मला पूर्ण पटतो. पैसे मोजून घेतलेली वस्तू चालत नाही, आणि का चालत नाही हेही कुणी सांगत नाही. यातली दुसरी गोष्ट जास्त छळते. गेम बनवणाऱ्या टीममध्ये क्रॅश रिपोर्ट वाचणं हे माझं बारा वर्षांचं काम आहे. त्यातून अंगवळणी पडलेली एक सवय तुम्हाला सांगतो: क्रॅश दुरुस्त करायला धावायच्या आधी तो कुणाचा आहे ते ठरवायचं. तुम्ही आतापर्यंत जे केलं ते सगळे उपाय होते. उपाय लागू पडला तर उत्तम. नाही पडला तर त्यातून काहीच कळत नाही आणि पुढचा उपाय करायला अंगात बळ उरत नाही. तपासातून मात्र दर वेळी काहीतरी हाती लागतं, निदान 'हे कारण नव्हे' एवढं तरी. दोन संध्याकाळी तपासाला द्या. त्यानंतर क्रॅश तुमच्या पीसीचा आहे की गेमचा, हे बहुतेक वेळा सांगता येतं. गेमचा निघाला तर तुमचं काम तिथेच संपतं.

विंडोज नव्याने टाकल्याचं थोडं वाईट वाटलं, कारण त्यात तुमचा सगळा पुरावा पुसला गेला. प्रत्येक क्रॅशची नोंद विंडोज स्वतःकडे ठेवतं, ती जुन्या इन्स्टॉलेशनबरोबर गेली. काही हरकत नाही. गेम अजून क्रॅश होतोच आहे, म्हणजे नवा पुरावा जमा होतो आहे.

तो कुठे बघायचा? स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा, डावीकडे 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'अ‍ॅप्लिकेशन' उघडा. गेम बंद पडला त्या मिनिटाला लाल खुणेची एक नोंद सापडेल: सोर्स 'अ‍ॅप्लिकेशन एरर', इव्हेंट आयडी १०००. ही यादी किचकट वाटत असेल तर 'रिलायबिलिटी मॉनिटर' उघडा. तिथे हीच माहिती दिवसांच्या तक्त्यात दिसते आणि डोळ्यांना सोपी पडते. नोंदीतल्या फक्त तीन ओळी कामाच्या आहेत: 'एक्सेप्शन कोड', 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' आणि 'फॉल्ट ऑफसेट'. निदान पाच क्रॅशच्या या तीन ओळी एका कागदावर उतरवून घ्या.

आता या कागदाकडे बघायचं कसं, हे सविस्तर सांगतो, कारण सगळी गोम इथेच आहे. मॉड्यूल म्हणजे क्रॅश ज्या फाइलमधल्या कोडमध्ये झाला ती फाइल, आणि ऑफसेट म्हणजे त्या मॉड्यूलच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर. नेमक्या कुठल्या सूचनेवर गाडी अडली ते त्यावरून कळतं. प्रोग्राम मेमरीत दर वेळी वेगळ्या जागी चढतो, पण हे अंतर मॉड्यूलच्या आतलं असल्यामुळे ते बदलत नाही. पाचही क्रॅशमध्ये मॉड्यूल म्हणून गेमचीच फाइल आणि ऑफसेटही तोच, असं दिसलं तर क्रॅश गेमचा आहे असं मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. खराब रॅम किंवा अस्थिर प्रोसेसर इतका नेमका नसतो. तो आज इथे चुकतो, उद्या तिथे. म्हणून पाच क्रॅश पाच ठिकाणी, कधी गेममध्ये, कधी ड्रायव्हरमध्ये, कधी विंडोजच्या एखाद्या फाइलमध्ये, असं चित्र असेल तर संशयाची सुई तुमच्या हार्डवेअरकडे वळते. एक काळजी घ्या: पॅच आला की गेमची फाइल बदलते आणि ऑफसेटही बदलतात. तेव्हा तुलना एकाच पॅचवरच्या क्रॅशमध्येच करायची.

कोडचाही थोडा उपयोग होतो. सगळ्यात जास्त दिसतो तो शेवटी सी००००००५ असलेला. त्याचा अर्थ प्रोग्रामने स्वतःची नसलेली मेमरी वाचायचा किंवा लिहायचा प्रयत्न केला. कारणं शंभर असू शकतात, त्यामुळे नुसत्या या कोडवरून इंटरनेटवर उत्तर शोधण्यात वेळ घालवू नका. त्या शोधात तुम्हाला वीस वर्षांपूर्वीच्या प्रिंटरच्या तक्रारीही सापडतील. सी००००३७४ म्हणजे मेमरीच्या हिशेबाची वही कुणीतरी आधीच खराब करून ठेवली होती आणि विंडोजला ते आत्ता लक्षात आलं. अशा वेळी मॉड्यूल म्हणून बहुधा एनटीडीएलएल हे विंडोजचं नाव दिसतं आणि लोक विंडोज दुरुस्त करायला बसतात. ते नाव फक्त वाईट बातमी आणणाऱ्याचं आहे. ८००००००३ दिसला तर बहुतेक वेळा गेमने स्वतःच 'ही परिस्थिती यायला नको होती' म्हणून हात वर केलेले असतात. आणि सी०००००१डी म्हणजे प्रोसेसरला न समजणारी सूचना. प्रोसेसर खूप जुना असेल आणि गेमला एव्हीएक्स२ हा नव्या प्रोसेसरांतला सूचनांचा संच लागत असेल तर हा कोड सुरुवातीलाच दिसतो. पण आधुनिक प्रोसेसरवर तो अधूनमधून उगवत असेल तर प्रोसेसर किंवा रॅम अस्थिर आहे असं समजून पुढे तपासा.

लाल नोंदच नाही, असंही होतं. काही गेम क्रॅश स्वतः पकडतात, स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवतात आणि शांतपणे बाहेर पडतात. अनरियल इंजिन आणि युनिटी ही गेम बनवायची तयार सॉफ्टवेअर. अनरियल इंजिनवरच्या गेममध्ये 'सेव्ह्ड' फोल्डरच्या आत 'लॉग्ज' आणि 'क्रॅशेस' असे दोन फोल्डर असतात. युनिटीवरच्या गेमची 'प्लेअर' नावाची लॉग फाइल 'अ‍ॅपडेटा'मधल्या 'लोकललो' फोल्डरात सापडते. लॉग उघडा आणि शेवटच्या वीस-तीस ओळी वाचा. सगळं कळायची गरज नाही. 'डिव्हाइस रिमूव्ह्ड', 'डिव्हाइस हंग', 'आउट ऑफ मेमरी' असे शब्द ओळखता आले तरी दिशा मिळते.

'डिव्हाइस रिमूव्ह्ड' वाचून लोकांना वाटतं ग्राफिक्स कार्डची वायर निघाली. तसं नाही. विंडोज व्हिस्टापासून एक पहारेकरी बसवलेला आहे: ग्राफिक्स कार्डने दिलेल्या कामाला ठरावीक वेळेत, मूळ सेटिंगप्रमाणे २ सेकंदांत, प्रतिसाद दिला नाही तर विंडोज ड्रायव्हर जबरदस्तीने पुन्हा सुरू करतं. स्क्रीन क्षणभर काळी होते, आणि ज्या गेमचं काम चालू होतं त्याच्या पायाखालची जमीन जाते. 'सिस्टिम' लॉगमध्ये 'डिस्प्ले' सोर्सची ४१०१ क्रमांकाची नोंद दिसते ती याचीच. इथे मात्र दोष ठरवणं खरंच अवघड आहे. गेमने कार्डाला न संपणारं काम दिलं असेल, ड्रायव्हरमध्ये चूक असेल, किंवा कार्ड स्वतःच ताण सोसत नसेल.

फरक करण्याचा माझा आवडता मार्ग म्हणजे कार्ड मुद्दाम हळू करून बघणं. बाजारातली पुष्कळ कार्ड कारखान्यातूनच मूळ वेगापेक्षा जास्त वेगावर लावलेली असतात. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'हेल्प' मेनूत 'डीबग मोड' आहे. तो चालू केला की असं कार्ड मूळ वेगावर येतं. इतर कार्डांवर कमाल वेग थोडा खाली आणा, पॉवर लिमिट थोडी घटवा. तुम्ही स्वतः अंडरव्होल्ट केलं असेल, म्हणजे कार्डाचं व्होल्टेज कमी केलं असेल, तर ते आधी पूर्ण काढा. 'दोन वर्षं याच सेटिंगवर चालतंय' हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे, आणि त्यातला माणूस खोटं बोलत नसतो. जुन्या गेमनी कार्डाचा तो कोपरा कधी वापरलेलाच नसतो. हळू केल्यावर क्रॅश पूर्ण थांबले तर कार्ड किंवा त्याचा वीजपुरवठा तपासा. त्यात कार्डाच्या दोन सॉकेटांना पॉवर सप्लायमधून दोन स्वतंत्र केबल आहेत का हेही बघा. एकाच केबलचा दुहेरी शेंडा वापरलेला असतो आणि अचानक वाढलेल्या ओढीला तो कमी पडतो.

गेमबरोबर अख्खा पीसीच रीस्टार्ट होत असेल तर तो प्रश्न वेगळा आहे. साधा प्रोग्राम पीसी बंद पाडू शकत नाही. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालणारं अँटी-चीट (फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) निळा स्क्रीन आणू शकतं, तेवढा एक अपवाद धरा. 'कर्नल-पॉवर ४१' किंवा 'व्हीआ लॉगर' (WHEA-Logger) अशा नोंदी दिसल्या तर गेमचा विचार सोडा आणि पॉवर सप्लाय, प्रोसेसर, रॅम यांच्याकडे वळा. तुमच्या वर्णनात हे नाही, म्हणून इथे थांबतो.

आता 'बाकीचे सगळे गेम चालतात' या मुद्द्याकडे येऊ. तक्रार करणारा प्रत्येक माणूस हे सांगतो आणि त्याला तो निर्णायक पुरावा वाटतो. मला तो अर्धाच पुरावा वाटतो. नवा गेम प्रोसेसरचे सगळे कोअर एकदम राबवून शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम, तयार करतो, डिस्कवरून दाबलेला डेटा सतत उलगडत राहतो, आणि डायरेक्टएक्स १२ ही विंडोजची ग्राफिक्स यंत्रणा वापरत असेल तर मेमरीचा पुष्कळसा हिशेब जो पूर्वी ड्रायव्हर सांभाळायचा, तो स्वतः सांभाळतो. जुना गेम यातलं निम्मंही करत नाही. डेटा उलगडताना एक बिट जरी उलटा पडला तरी पुढचं सगळं कोसळतं. तोच बिट व्हिडिओ बघताना उलटा पडला तर एक ठिपका वेगळ्या रंगाचा दिसेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं. लोकांना अनरियल इंजिनच्या नव्या गेममध्ये 'व्हिडिओ मेमरी संपली' असा मेसेज यायचा. साहजिकच सगळे ग्राफिक्स कार्डाला आणि गेमला दोष द्यायचे. कार्डावर मेमरी भरपूर शिल्लक असायची. बिघाड प्रोसेसरमध्ये होता: मायक्रोकोडमधल्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधल्या, चुकीमुळे तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि हळूहळू झिजत होता. इंटेलने जुलै २०२४ मध्ये हे मान्य केलं, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये बायोसमार्गे (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमार्गे) दुरुस्त्या दिल्या, आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण झिजलेला प्रोसेसर बायोस अपडेटने बरा होत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो. तुमचा प्रोसेसर या दोन पिढ्यांतला असेल तर बाकी काहीही करण्याआधी मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून बायोस अद्ययावत करा. तरीही शेडर तयार होताना क्रॅश येत राहिले तर वॉरंटीकडे जा. त्या काळात कितीतरी गेमच्या टीमनी असे रिपोर्ट उलगडण्यात आठवडे घालवले. चूक आपल्या कोडमध्ये नाही हे सिद्ध करणं ती शोधण्यापेक्षा अवघड असतं.

प्रोसेसर वेगळा असेल तर पहिला संशय रॅमवर घ्या. बायोसमध्ये 'एक्सएमपी' किंवा 'एक्स्पो' चालू असेल तर रॅम तिच्या मूळ ठरलेल्या वेगाच्या वर चालते आहे. डब्यावर तो वेग छापलेला असतो म्हणून लोकांना ते ओव्हरक्लॉकिंग वाटत नाही, पण प्रोसेसरच्या आणि मदरबोर्डच्या दृष्टीने ते ओव्हरक्लॉकिंगच आहे. एका संध्याकाळसाठी ते बंद करा आणि खेळा. गेम थोडा हळू चालेल, चालू द्या. त्या संध्याकाळी तीन तास क्रॅश आला नाही आणि पुन्हा चालू केल्यावर आला, तर शोध संपला. आणखी खात्री हवी असेल तर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावून ठेवा. एक चूक दिसली तरी रॅम नापास. शून्य चुका आल्या तर रॅम निर्दोष ठरत नाही, फक्त तिच्यावरचा संशय कमी होतो.

तुमच्या बाबतीत मला 'वीस ते चाळीस मिनिटं' हा तपशील महत्त्वाचा वाटतो. क्रॅश वेळेशी बांधलेला दिसतो. वेळेबरोबर वाढणाऱ्या गोष्टी दोन: उष्णता आणि मेमरीचा वापर. उष्णता बघणं सोपं आहे, तापमान दाखवणारा कुठलाही प्रोग्राम चालेल. मेमरीसाठी टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' उघडा आणि 'कमिटेड' असा आकडा शोधा. दोन संख्या दिसतील, मध्ये तिरकी रेघ. डावीकडची म्हणजे प्रोग्रामांनी मागून ठेवलेली मेमरी, उजवीकडची म्हणजे विंडोज जास्तीत जास्त देऊ शकेल ती. खेळताना दर पाच मिनिटांनी डावा आकडा लिहून ठेवा. तो चढतच राहिला, मेनूत परत आल्यावरही उतरला नाही, आणि उजव्या आकड्याला टेकल्यावर गेम बंद पडला, तर गेम मेमरी गळतो आहे. हा दोष बहुधा गेमचाच.

पण त्याआधी उजवा आकडा तपासा. तो तुमच्या रॅमइतकाच असेल तर पेजफाइल, म्हणजे रॅमला पुरवणी म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल, बंद केलेली आहे. एसएसडीचं आयुष्य वाचवायला किंवा वेग वाढवायला म्हणून हा सल्ला कुणीतरी देतं आणि माणूस वर्षानुवर्षं ते सेटिंग विसरून जातो. रॅम अर्धी रिकामी दिसत असताना 'मेमरी संपली' म्हणून गेम पडतो तो यामुळे, कारण गेम मेमरी आधी राखून ठेवतात आणि मग हळूहळू वापरतात, आणि राखीव जागेचा हिशेब पेजफाइल धरूनच होतो. विंडोजला ती स्वतः सांभाळू द्या, आणि त्या ड्राइव्हवर जागा मोकळी ठेवा.

ओव्हरलेचंही, म्हणजे गेमच्या चित्रावर स्वतःचं काही दाखवणाऱ्या प्रोग्रामांचंही, बघून घ्या. फ्रेमचा आकडा दाखवणारे, चॅटचे, रेकॉर्डिंगचे, दुकानांचे. यातले बहुतेक गेमच्या आत स्वतःचं मॉड्यूल घुसवून चित्र काढतात. सगळे एकदम बंद करून एकदा खेळा. तसंच विंडोजच्या युजरचं नाव देवनागरीत असेल तर एक नवा युजर रोमन अक्षरांत बनवून पाहा. सेव्ह फाइलचा पत्ता या नावातून जातो, आणि इंग्रजीखेरीज दुसरी लिपी पत्त्यात आली की कोसळणारे गेम मी आजही बघतो. चूक अर्थातच गेमची आहे, तुमच्या नावाची नाही, आणि ती रिपोर्टमध्ये ठणकावून लिहा.

समजा हे सगळं झालं आणि क्रॅश गेमचाच ठरला. मग दोन पॅच येऊनही तो का सुटत नाही? या प्रश्नाचं उत्तर मला आतून माहीत आहे, आणि ते 'त्यांना पर्वा नाही' इतकं सोपं क्वचितच असतं.

रिलीजच्या आठवड्यात रिपोर्टांचा पूर येतो. ते कुणी एकेक करून वाचत नाही, वाचणं शक्यही नाही. यंत्रणा एकसारख्या क्रॅशचे गठ्ठे बांधते: कुठल्या फंक्शनमध्ये पडला, तिथवर कुठल्या वाटेने आला, यावरून. सगळ्यात जाड गठ्ठा आधी हातात घेतला जातो. तुमचा क्रॅश पातळ गठ्ठ्यात असेल तर पहिले दोन पॅच दुसऱ्यांसाठी असतात. हे अन्यायाचं वाटेल, पण दहा हजार लोकांचा गेम सुरूच होत नसताना तीनशे लोकांचा अर्ध्या तासाने पडणारा क्रॅश मागे राहतो.

शिवाय काही क्रॅश खरोखर दुष्ट असतात. आमच्याकडे एकदा सात आठवडे एका क्रॅशने रडवलं. रिपोर्ट रोज यायचे, पण आमच्या एकाही मशिनवर तो घडत नव्हता. पडायचा तो आवाजाच्या कोडमध्ये, म्हणून आवाजाची टीम त्यात डोकं घालून बसलेली. पुढे एका खेळाडूने लिहिलं: 'एका गावाहून दुसऱ्या गावाला झटपट प्रवास केला आणि लोडिंग संपताक्षणी नकाशा उघडला तरच होतं, पाच सेकंद थांबलं तर होत नाही.' बस्स. त्या एका वाक्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी क्रॅश आमच्यासमोर उभा होता. जुन्या जागेचे आवाज मेमरीतून काढायचं काम एक थ्रेड (प्रोग्रामात समांतर चालणारा कामाचा धागा) करत होता आणि नकाशा तेच आवाज वाजवू पाहत होता. वेगवान एसएसडीवर लोडिंग इतक्या लवकर संपायचं की दोघांची गाठ पडायची. आमच्या टेस्टिंगच्या मशिनवर डिस्क हळू होत्या, त्यामुळे काढण्याचं काम कायम आधी उरकायचं. दुरुस्ती चार ओळींची होती. त्या खेळाडूचे आभार मानायला आमच्याकडे त्याचं नावही नव्हतं, रिपोर्ट निनावी आला होता.

म्हणून रिपोर्ट लिहा, आणि असा लिहा. क्रॅशची खिडकी आली तर 'सेंड' दाबाच. दर वेळी दाबा, कारण गठ्ठ्याची जाडी त्यावरच ठरते. सपोर्टला लिहिताना रागाचं एक वाक्य हवं तर लिहा, पण त्याखाली हे द्या: गेमचा नेमका व्हर्जन क्रमांक, क्रॅशची वेळ, कुठल्या जागी होतात, आधीच्या दहा सेकंदांत काय केलं, पाच क्रॅशच्या त्या तीन ओळी, लॉग आणि क्रॅश फोल्डर झिप करून, आणि 'डीएक्सडायग' हा विंडोजमधला पीसीची माहिती देणारा प्रोग्राम चालवून सेव्ह केलेली माहिती. शेवटी, काय काय तपासून बाजूला सारलं ते: 'एक्सएमपी बंद, ओव्हरले बंद, कार्ड मूळ वेगावर, मेमटेस्ट रात्रभर शून्य चुका.' या शेवटच्या वाक्याने फार फरक पडतो. सपोर्टच्या माणसाच्या हातात कोड नसतो, समोर ठरावीक उत्तरांची यादी असते, आणि ती यादी पार करून रिपोर्ट प्रोग्रामरपर्यंत पोचवायचा अधिकार त्याला तेव्हाच मिळतो जेव्हा यादीतलं सगळं करून झालेलं असतं. तुम्ही ते आधीच लिहून दिलं तर तो तुमच्या बाजूने पुढे ढकलू शकतो.

क्रॅश होणाऱ्या गेममध्ये सेव्हची काळजी घ्या, हे मी कळकळीने सांगतो. एकाच स्लॉटवर लिहीत राहू नका. सेव्ह लिहिताना गेम पडला तर फाइल अर्धवट राहते, आणि क्लाउड सिंक ती अर्धवट फाइल इमानाने वर चढवतं. आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक पॅचच्या आधी सेव्हचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा पीसीवर सेव्ह फाइल ८ एमबीच्या वर गेली की ती बिघडायची. त्याच महिन्यातल्या एका हॉटफिक्समध्ये (तातडीच्या छोट्या पॅचमध्ये) ती मर्यादा गेली, पण आधीच बिघडलेल्या फाइल परत आल्या नाहीत. साठ-सत्तर तासांचा खेळ गमावलेल्या माणसाला देण्यासाठी माझ्याजवळ कुठलाही तांत्रिक उपाय नसतो.

पैसे परत घेण्याबद्दल. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांहून कमी असेल तर पैसे परत मिळतात. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावर गेम उतरवून खेळला असला तरी ३० दिवसांत मागता येतात. स्टीमच्या दोन तासांत शेडर तयार होण्याची वाट बघितलेला वेळ आणि मेनूत सेटिंग बदलत घालवलेला वेळही मोजला जातो, त्यामुळे क्रॅशचा तपास त्याच घड्याळात करू नका. पहिल्या तासात दोनदा पडला तर मी आधी पैसे परत मागतो, आणि गेम सुधारला की पुन्हा घेतो. तुमचे दोन तास उलटून गेले असतील, तरी विनंती करून बघा. मर्यादेबाहेरच्या विनंत्याही ते पाहतात, आणि त्यासोबत क्रॅशची तारीखवार नोंद जोडली तर तुमची बाजू भक्कम होते. बॅटमॅन अर्कम नाइट जून २०१५ मध्ये पीसीवर इतक्या वाईट अवस्थेत आला की प्रकाशकाने एक-दोन दिवसांतच विक्री थांबवली आणि ती ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू केली. पैसे परत मागणं म्हणजे गेम बनवणाऱ्यांशी वैर धरणं, असा विचार मनात असेल तर काढून टाका. टीममध्ये बसून सांगतो, घाईने रिलीज करायला नको होता हे वरिष्ठांना पटवताना आमच्या हाती परताव्याच्या आकड्याइतकं दुसरं काहीच नसतं.

आणि आता थांबण्याबद्दल. क्रॅश गेमचा ठरला, रिपोर्ट गेला, सेव्ह जपून ठेवले, की त्या गेमला हात लावू नका. रोज उघडून 'आज तरी चालतो का' बघण्यातच सगळा उत्साह जळून जातो. मी माझ्या जवळच्या लोकांना ज्या गेमची वर्षभर वाट पाहिली त्याचाच कायमचा तिटकारा येताना बघितलं आहे. पॅच आला की नुसत्या नोट्स वाचा. 'स्थैर्यात सुधारणा' एवढंच असेल तर एक सेव्ह लोड करून अर्धा तास खेळा आणि पुन्हा पडला तर बंद करा. तुमच्या जागेचं, तुमच्या कार्डाचं किंवा मेमरीचं नाव घेऊन काही लिहिलं असेल तर मात्र ती संध्याकाळ मोकळी ठेवा.

तुम्ही आज करायचं एवढंच: इव्हेंट व्ह्यूअर उघडा, नव्या विंडोजवरचे क्रॅश उतरवून घ्या, ऑफसेट एकमेकांशी ताडून बघा. तोच ऑफसेट असेल तर पीसीला हात न लावता सरळ रिपोर्ट लिहायला बसा. वेगवेगळे असतील तर एक्सएमपी बंद करून 'कमिटेड'चा आकडा लिहीत एक संध्याकाळ खेळा. त्या पाच नोंदी आणि मेमरीचे आकडे इथे लिहिलेत तर मी वाचून सांगेन पुढे कुठे बघायचं.